सायटिका आणि श्रावकाची दिनचर्या



दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत मंदिराच्या सभामंडपाकडे बारकाईने पाहिले, तर एक दृश्य बहुतेक गावांत आढळते. वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत मांडी घालून शास्त्र ऐकणारे एखादे साठीतले गृहस्थ एका वर्षी खांबाला टेकून उभे दिसतात. कोणी विचारले तर सांगतात, कंबरेपासून टाचेपर्यंत वीज जाते, बसवत नाही. पुढच्या वर्षी ते खांबापाशीही नसतात. घरी फळीवर निजून असतात आणि नातू मंदिरातून गंधोदक आणून त्यांच्या कपाळाला लावतो. मंदिराची वाट त्यांना कोणी बंद केलेली नसते. ‘हलू नका, गादी आणखी सरकेल’ या एका वाक्याने ती बंद झालेली असते. दुखण्याने जेवढे हिरावून घेतले नव्हते, तेवढे या वाक्याने घेतलेले असते. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे त्या दोन पर्वांमधला काळ होय.

या दुखण्याला आज सर्वत्र सायटिका म्हणतात. गुजराती घरांतून ‘रांझण’ हा शब्द अजून ऐकू येतो. आयुर्वेदातील नाव गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. दुखरा पाय सावरत चालणाऱ्याची चाल त्या पक्ष्यासारखी दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. चरकसंहितेत तिची गणना वातव्याधींत आहे. सुश्रुतसंहितेत या व्याधीमुळे पाय उचलण्यास अटकाव होतो, असे लक्षण नोंदलेले आहे. आजचा डॉक्टर रुग्णाला उताणे निजवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलून पाहतो. ती तपासणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. दोघांमध्ये शतकानुशतकांचे अंतर असले, तरी दोघांनी बोट ठेवले ते एकाच जागी.

मांडीच्या मागून उतरणारी ही नस शरीरातील सर्वांत जाड नस होय. कंबरेच्या शेवटच्या मणक्यांमधून व त्याखालच्या त्रिकास्थीतून निघणारी मुळे एकत्र येऊन ती तयार होते आणि गुडघ्याच्या वर दोन फाटे होऊन पावलापर्यंत जाते. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिच्या आत मऊ गर आणि भोवती तंतूंचे कडे असते. कडे कमकुवत होऊन गर बाहेर आला की शेजारचे मूळ डिवचले जाते. बहुतेक वेळा हे कंबरेच्या तळच्या दोन गाद्यांपैकी एकीत घडते. १९३४ साली बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी हा संबंध स्पष्टपणे मांडला. तोवर पायातील या वेदनेला नसेची सूज किंवा संधिवात म्हणूनच उपचार होत असत. ‘नस दबली’ हा रूढ शब्दप्रयोग मात्र अर्धाच खरा आहे. बाहेर आलेल्या गरातील द्रव्यांमुळे नसेच्या मुळाशी दाह निर्माण होतो आणि वेदनेचा मोठा भाग त्या दाहाचा असतो. हा गर कायम तिथेच राहतो असेही नाही. शरीर कित्येकदा काही महिन्यांत तो शोषून घेते, आणि मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर शोषला जाण्याचा संभव उलट अधिक असतो. एम. आर. आय.च्या चित्रात गादी फुगलेली दिसली म्हणून आयुष्याचे गणित बदलून टाकण्याची घाई करू नये. ज्यांना कधी कंबर दुखलेली नाही अशा प्रौढांच्या चित्रांतही फुगलेल्या गाद्या सर्रास दिसतात.

मग विश्रांतीची आज्ञा आली कोठून? विसाव्या शतकात कित्येक दशके डॉक्टरच ती देत होते. दोन-तीन आठवडे सक्त अंथरूण, पायाला वजने बांधून ताण, असा तो काळ होता. १९८६ साली अमेरिकेत डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या कंबरदुखीच्या रुग्णांवर प्रयोग केला. काहींना दोन दिवस निजण्यास सांगितले, काहींना सात दिवस. दोन दिवसवाले इतरांइतकेच बरे झाले आणि कामावर लवकर गेले. ती कंबरदुखी होती, सायटिका नव्हे, असा आक्षेप राहिला. तो १९९९ साली नेदरलँड्समधील १८३ रुग्णांच्या अभ्यासाने दूर केला. हे सर्व सायटिकाचे रुग्ण होते. दोन आठवडे अंथरुणावर राहिलेल्यांपैकी ७० टक्क्यांना, तर घरात जमेल तसे हिंडत राहिलेल्यांपैकी ६५ टक्क्यांना दोन आठवड्यांनी बरे वाटत होते. हा फरक नगण्य ठरला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत हे प्रमाण ८७ टक्के झाले. म्हणजे बहुतेक लोक बरेच होतात, आणि निजून राहण्याने त्यात काही भर पडत नाही.

हे आकडे एका बाजूने धीर देणारे, तर दुसऱ्या बाजूने डोळे उघडणारे आहेत. पडून राहणाऱ्याची वेदना कमी होत नाही; परंतु पाठीचे, मांडीचे व पोटाचे स्नायू त्या काळात झिजतात. साठी ओलांडलेल्या माणसाने एका महिन्यात गमावलेले बळ परत मिळवण्यास कित्येक महिने लागतात. वेदना गेल्यावर तो उठतो, तेव्हा जिना चढणे, जमिनीवरून उठणे ही कामे त्याला जमत नाहीत, आणि दोष मात्र गादीच्या माथी जातो. फळीचेही तसेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी कडक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. फळी काढून माळ्यावर ठेवावी, हे बरे.

येथे एक कथा सांगण्याजोगी आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे पायात वेदना असलेला एक रुग्ण येत होता. कित्येक दिवसांच्या उपचारांनी गुण नव्हता. एके दिवशी मॅकेंझींनी त्याला खोलीत जाऊन पालथे पडण्यास सांगितले. त्या खोलीतील टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचललेली राहिली होती. रुग्ण तसाच पालथा पडला; कंबर मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटे पडून राहिला. मॅकेंझी आत आले आणि त्याची स्थिती पाहून घाबरले. रुग्ण मात्र म्हणाला की पायातली वेदना गेली आहे, आता फक्त कंबरेत उरली आहे. पुढे याच योगायोगातून त्यांनी आपली पद्धत उभी केली. तिच्या पुढील दाव्यांपैकी सर्वच सिद्ध झाले आहेत असे नाही. परंतु एक निरीक्षण रुग्णाच्या फार उपयोगी पडते. वेदना पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखू लागली तरी ते चांगले चिन्ह समजावे. उलट कंबरेचे दुखणे कमी होऊन पावलात मुंग्या येऊ लागल्या, तर ती हालचाल थांबवावी. घरातल्या घरात जपता येईल असा हा मापदंड आहे, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

व्यायामाला हात घालण्यापूर्वी काही गोष्टी निक्षून सांगणे भाग आहे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा गेला, मांडीच्या आतल्या बाजूस व बैठकीच्या जागी बधिरता आली, दोन्ही पाय एकदम निर्बळ झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. तेथे तासांचा हिशेब असतो. पाऊल वर उचलता येईनासे होऊन चप्पल गळू लागली, तरीही विलंब करू नये. कंबरदुखीसोबत ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षय मनात आणावा लागतो. या देशात तो दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेल्याने किंवा पडून मार लागलेल्याने आधी तपासणी करून घ्यावी. यांपैकी काही नसेल, तर पुढचे वाचावे.

तळपायांच्या मुंग्यांविषयी एक सूचना. सायटिका सामान्यतः एका पायात उतरते. दोन्ही तळवे सारखेच बधिर होत असतील, तर मधुमेह किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी. हे जीवनसत्त्व धान्य-भाजीत नसते. दूध-दह्यातून काही प्रमाणात मिळते. वयोवृद्ध शाकाहारी श्रावकांत, विशेषतः दूध सोडलेल्यांत, त्याची कमतरता वारंवार आढळते, आणि तिच्यासाठी कंबरेचे व्यायाम करीत राहणे व्यर्थ होय. औषध घेताना कॅप्सूलच्या वेष्टनात जिलेटिन नाही ना, हे विचारण्याचा संकोच करू नये. गोळ्या आणि इंजेक्शने मिळतात.

आता प्रारंभ कसा करावा. सर्वांना एकच व्यायाम चालत नाही, ही पहिली गोष्ट. चाळिशी-पन्नाशीतल्या, गादी सरकलेल्या रुग्णाला बसल्याने, वाकल्याने, शिंकल्याने वेदना वाढते. उभे राहिल्याने व चालल्याने ती सुसह्य होते. सत्तरीकडे झुकलेल्या, कण्याचा मार्गच अरुंद झालेल्या रुग्णाचे नेमके उलट असते. तो शंभर पावले चालला की पाय भरून येतात आणि कट्ट्यावर बसताच मोकळे होतात. हातगाडीवर रेलून तो मैलभर जाऊ शकतो. पहिल्याने पालथे पडण्याने सुरुवात करावी. दुसऱ्याने उताणे पडून एकेक गुडघा छातीकडे घेण्याने. पहिल्याचा व्यायाम दुसऱ्याने केला तर त्रास वाढण्याचा संभव असतो. शेजाऱ्याला ज्याने गुण आला तेच करण्याची समाजातील हौस येथे आवरलेली बरी.

पालथे पडणाऱ्याने जमिनीवर सतरंजी अंथरून, मान एका बाजूस वळवून, नुसते पडावे. किती वेळ? दिगंबर आम्नायात एक कायोत्सर्ग म्हणजे नऊ णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास. हेच माप पुरे आहे. घड्याळ पाहावे लागत नाही, श्वास आपोआप मंदावतो, आणि वेदनेने आखडलेली पाठ त्या मंद श्वासात सैल सुटते. दोन-तीन दिवस हे सहज जमले की कोपरांवर टेकून छाती थोडी उचलावी, पुन्हा एक कायोत्सर्ग. दिवसातून चार वेळा. त्यापुढची पायरी, म्हणजे तळहातांवर रेटून कंबर तशीच ठेवीत छाती वर उचलणे, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करावी.

याखेरीज दोन-तीन हालचाली आरंभास पुरेशा आहेत. उताणे पडून, गुडघे वाकवून, पोट आत घेत कंबरेची पोकळी जमिनीला टेकवणे आणि सोडणे. त्याच स्थितीत बैठक जमिनीवरून चार बोटे उचलून पाच श्वास धरणे. खुर्चीवर ताठ बसून दुखऱ्या पायाचा गुडघा हळू सरळ करणे आणि ताण जाणवू लागताच परत वाकवणे. यात नस आपल्या वाटेतून मागे-पुढे सरकते. ताण धरून ठेवू नये. पायाचे अंगठे धरण्याचा अट्टाहास, उठाबशा, सूर्यनमस्कार, उताणे पडून दोन्ही पाय एकदम वर उचलणे, यांना पहिल्या महिन्या-दीड महिन्यात पूर्ण रजा द्यावी. योगवर्गात गेल्यास शिक्षकाला हे आधी सांगावे. सर्वांच्या बरोबरीने पश्चिमोत्तानासन करण्याच्या ईर्ष्येने पुष्कळांचे दुखणे उलटलेले आहे.

आणि चालणे. सर्वांत साधे, सर्वांत दुर्लक्षित. पहिल्या दिवशी सपाट जागेवर पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. पाच मिनिटांत पायात कळ येत असेल तर तीन मिनिटे. दर दोन दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवावीत. व्यायामानंतरची वाढलेली वेदना तासाभरात मूळपदावर येत असेल आणि दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा अधिक नसेल, तर मात्रा योग्य आहे असे समजावे. तसे नसेल तर निम्म्यावर यावे, बंद करू नये. हे ‘निम्म्यावर येणे’ पुष्कळांना अवघड जाते. व्यापारी मनाला नफा किंवा तोटा कळतो, मधले कळत नाही. बरे वाटलेल्या दिवशी ते तासभर चालतात, तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतात, आणि चालणे सोसत नाही असा निष्कर्ष काढतात. चातुर्मासात चिखल, शेवाळ आणि जीवजंतू यांमुळे बाहेर चालणे नकोसे होते. तेव्हा सोप्यात किंवा मंदिराच्या ओवरीत फेऱ्या घालाव्यात.

आता प्रश्न येतो तो धर्माचरणाचा, आणि बंधूंनो, पुष्कळ श्रावक वैद्यकीय सल्ला ऐकूनही अडतात ते येथेच. सामायिकाचा काळ दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. तेवढा वेळ निश्चल बसणे हे वर्षानुवर्षांचे व्रत. सामायिकाच्या अतिचारांत कायदुष्प्रणिधान, म्हणजे शरीराची अनिष्ट चाळवाचाळव, गणलेले आहे. पायात वीज चमकते, तरी दोष लागेल या भयाने श्रावक हलत नाही; शेवटी उठताना त्याला दोघांनी धरावे लागते. ज्याने चाळीस वर्षे व्रत पाळले, त्याची ही घालमेल हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. व्रताच्या मर्यादेविषयी निर्णय गुरूंनीच द्यावा. परंतु गुरूंपुढे प्रश्न नीट मांडला जावा यासाठी शरीराची बाजू सांगता येईल.

स्वीडनमधील नॅकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गाद्यांमध्ये सुई घालून दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा बसण्यात दाब अधिक आणि पुढे वाकून ओझे उचलण्यात तो कितीतरी पट, असे त्यांना आढळले. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर चोवीस तास पुन्हा मोजमाप केले. तेव्हा सैल, आरामात बसण्यातील दाब उभे राहण्याहून किंचित कमीच भरला. पुढे वाकण्यातील दाब मात्र याही मोजणीत मोठा होता. दोन्ही मिळून असे दिसते की बसणे हा शत्रू नाही. कंबर पुढे गोल करून दीर्घकाळ अचल राहणे हा आहे. नितंबाचे सांधे आखडलेल्या माणसाने जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात आणि कंबर आपोआप गोल होते. बैठकीखाली चार बोटे उंचीची घोंगडीची घडी किंवा पाट घेतला की गुडघे खाली येतात, कंबर सरळ होते. तेवढ्यानेही न भागल्यास खुर्ची. आणि सामायिक खड्गासनातही होते, हे तर शास्त्रसंमतच आहे. आरंभीच शरीराला झेपेल असे आसन निवडले, तर मध्येच चाळवाचाळव करण्याची वेळ येत नाही. सोळाकारण भावनांत तप आणि त्याग या दोहोंच्या आधी ‘शक्तितः’ हा शब्द आहे. तो तेथे सवलत म्हणून ठेवलेला नाही. शक्ती लपवणे आणि शक्तीबाहेर जाणे या दोन्ही टोकांना तो आवर घालतो.

खड्गासनात दोन पावलांत चार अंगुळांचे अंतर सांगितलेले आहे. बधिर पाऊल असलेल्याला तेवढ्या अंतरावर तोल सांभाळणे कठीण; त्याने भिंतीजवळ उभे राहावे. पंचांग नमस्कारात गुडघे, हात आणि मस्तक भूमीला लावताना कंबर जास्तीत जास्त वाकते. तीव्र वेदनेच्या आठवड्यांत उभ्यानेच हात जोडून मस्तक नमवणे इष्ट.

यात सकाळची वेळ फार महत्त्वाची आहे. रात्रभर आडवे राहिल्याने गादी पाणी शोषून फुगते; विल्के यांच्या मोजणीत झोपेत गादीतील दाब दुपटीहून अधिक वाढला होता. म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत वाकणे अधिक भोवते. १९९८ साली स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना केवळ सकाळचे वाकणे टाळण्यास शिकवले, तेवढ्यानेही दुखणे कमी झाल्याचे दिसून आले. श्रावकाची पहाट म्हणजे नेमका हाच काळ. विहिरीचे पाणी ओढणे, ते गाळणे, भरलेली घागर कंबरेवर घेणे, ओल्या फरशीवर वाकून अभिषेकाचे कलश उचलणे. भगिनींच्या वाट्याला रांगोळी, सडा, आणि मुनिसंघ गावात असेल तेव्हा चौक्याची तयारी. शुद्ध पिठासाठी जाते असेल तर तेही. सायटिकाच्या रुग्णाने ही कामे पहिल्या तासात करू नयेत. आधी घरातल्या घरात दहा मिनिटे फिरावे. घागर निम्मी भरावी. कलश छातीच्या उंचीच्या चौरंगावर ठेवून तेथून घ्यावेत, जमिनीवरून नव्हे. मंदिराच्या विश्वस्तांनी असा एक उंच चौरंग आणि सभामंडपाच्या कडेला सरळ पाठीच्या आठ-दहा खुर्च्या ठेवल्या, तर सुवर्णमहोत्सवाच्या खर्चात ती रक्कम डोळ्यांतही भरणार नाही.

दुकानाच्या गादीविषयी थोडक्यात. लोडाला रेलून, एक पाय दुमडून, पुढच्या वहीवर वाकून दिवसाचे दहा तास काढण्याची रीत आता कमी झाली आहे, तरी संपलेली नाही. दर अर्ध्या तासाने उठावे. मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवावे. त्यावर बसल्याने बैठकीखालील नसेवर अकारण दाब येतो.

औषधांचा आणि व्रतांचा मेळ हा आणखी एक नाजूक भाग. वेदनाशामक गोळी उपवासात रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला व्रण पडू शकतो. पाणीही वर्ज्य असेल तर मूत्रपिंडालाही इजा संभवते. निर्जल उपवासाच्या दिवशी अशी गोळी घेऊच नये. नसेच्या वेदनेसाठी प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन जातीची गोळी ‘झोपताना’ म्हणून लिहून दिली जाते. रात्री पाणीही न घेणारा श्रावक ती एकतर टाळतो किंवा सूर्यास्तापूर्वी घेऊन आरतीच्या वेळी गुंगीत मंदिराच्या पायऱ्या उतरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील २०९ रुग्णांच्या चाचणीत प्रीगॅबॅलिनने सायटिकाच्या वेदनेत विशेष फरक पडला नाही, चक्कर मात्र अधिक आली. इंग्लंडच्या मार्गदर्शक नियमावलीने २०२०पासून सायटिकासाठी या औषधांची शिफारस काढून घेतली. तेव्हा गोळीची खरोखर आवश्यकता आहे काय, आणि असल्यास वेळ बदलता येईल काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. जो ती दीर्घकाळ घेत आहे त्याने एकाएकी बंद करू नये. उपवासाच्या दिवशी व्यायाम सोडावा, सोप्यातल्या छोट्या फेऱ्या चालू ठेवाव्यात. पारण्यानंतर एक दिवस जाऊ देऊन पूर्वीच्या मात्रेच्या निम्म्यापासून पुन्हा आरंभ करावा.

सहा-आठ आठवडे असे नेटाने करूनही पायातील वेदना तशीच तीव्र राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यात कमीपणा नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर मिळाला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे. म्हणजे थांबणाऱ्याला वेळ मिळतो आणि न थांबणाऱ्याला वेळ वाचतो. कोणाला काय हवे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. शस्त्रक्रिया झाली तरी चालणे आणि व्यायाम यांपासून सुटका नाही.

बहुतेकांच्या मनात अखेरीस एकच प्रश्न असतो, तो यात्रेचा. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर सुमारे साडेसहाशे पायऱ्या आहेत. श्री सम्मेदशिखरजीची वंदना २७ किलोमीटरची : नऊ चढण, नऊ टोंकांवरून फिरणे, नऊ उतरण. सायटिका झाली म्हणजे शिखरजी संपली, असे मानण्याचे कारण नाही. परंतु दुखणे उतरल्यावर तिसऱ्याच महिन्यात संघाबरोबर निघणेही योग्य नाही. सपाटीवर न थांबता तासभर चालता येऊ लागले की घराचा जिना धरावा. पुढे आठवड्यातून एकदा कुंभोजच्या बाहुबली टेकडीसारखी एखादी जवळची टेकडी चढावी-उतरावी. पाच-सहा महिने हा क्रम टिकला आणि दुसऱ्या सकाळी पाय तक्रार करीत नसेल, तर निघावे. ज्यांना तेवढे झेपणार नाही त्यांच्यासाठी डोली आहे. डोलीत बसणाऱ्याकडे सहयात्रेकरू किंचित करुणेने पाहतात, त्यापेक्षा त्यांनी डोलीवाल्याच्या पाठीचा विचार केला तर बरे.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक बाधते, कारण उतरताना प्रत्येक पावलाचा धक्का कंबरेला बसतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, पावले आखूड टाकावीत, पायऱ्या तिरप्या उतराव्यात. गंधर्व नाल्यापाशी पोहोचल्यावर सारे कट्ट्यावर वाकून बसतात. ज्याला कधी सायटिका झाली आहे, त्याने पिशवीत सतरंजीचा तुकडा ठेवावा आणि तेथे बाजूला जाऊन दोन कायोत्सर्ग पालथे पडावे. तळेटीपर्यंतची वाट अजून बाकी असते.